निळ्या ओळी

धाकट्या जावेच्या विणकामाला घरात तोड नव्हती, आणि हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नसे. ती स्वतःच सांगायची. म्हणून पुतणीने आपल्या आईचा अर्धवट मफलर पुढ्यात ठेवून "काकू, संध्याकाळची गाडी आहे गं, तुला जमेल?" असं विचारलं, तेव्हा काकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"जमेल? अगं, तुझ्या आईला सुई धरायला मी शिकवलं!"

शुद्ध थाप! उलट हिलाच शिकवलं होतं थोरल्या जावेने, पुतणीच्या आईने. त्या थोरलीला जाऊन आता महिना झाला होता.

मफलर पांढरा-निळा, दुरंगी ब्रियोश विणीचा. त्यात प्रत्येक ओळ दोनदा विणायची: आधी पांढऱ्या लोकरीने, मग टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवून तीच ओळ निळ्याने. रंग असे गुंततात, की एक ओढला तर दुसराही सुटलाच म्हणून समजा.

काकूने पांढरी ओळ संपवली, तेवढ्यात दूध उतू आलं. गॅस बंद करून परतते, तर निळी ओळ विणून तयार! घट्ट, थोरलीच्या हातासारखी.

मीच विणली असेन, ती मनाशी म्हणाली. पुढची पांढरी विणून मात्र ती मुद्दाम खिडकीशी, विणकामाकडे पाठ करून उभी राहिली. मागे सुयांची टिकटिक... थोरलीच्या केसांच्या तेलाचा वास... अंगावर सर्रकन काटा आला. पण भीतीपेक्षा राग मोठा.

"जाऊबाई," ती न वळता पुटपुटली, "अजूनही भरवसा नाही ना माझ्यावर...?"

टिकटिक काही थांबली नाही.

दुपार उलटेपर्यंत मफलर पुरा झाला. पुतणीने तो उलटून पालटून पाहिला. "काकू, आईचं कुठे संपलं, तुझं कुठे सुरू झालं, कळतच नाही!"

"शोधून दाखव!" काकूची छाती फुगली.

"निळ्या ओळी तर थेट आईच्या..."

"सगळ्या माझ्याच. दुसरं कोण आहे इथे?"

मफलर खुर्चीवर ठेवून दोघींनी स्वयंपाकघरात चहा घेतला. मग पुतणी मफलर बॅगेत भरायला परतली आणि दारातच थबकली.

"काकू... हे काय?"

अर्धा मफलर पांढरा-निळा, जसाच्या तसा. तिथून पुढे नुसता निळा; काकूच्या पांढऱ्या ओळी तेवढ्या गायब. कुठे भोक नाही, एक टाका सुटलेला नाही. आईचं कुठे संपलं, ते आता आंधळ्यालाही कळलं असतं. शेजारी पांढऱ्या लोकरीचा गुंडा, शेवट आत खोचलेला, थोरली खोचायची तसा.

पुतणीने मफलर गळ्यात गुंडाळला आणि गाल त्यावर टेकवला.

"हाताला तोड नाही हं तुमच्या, जाऊबाई," काकू जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

तिने गुंडा उचलला. लोकर कोमट होती, आत्ताच कुणाच्या तरी मांडीवरून उचलल्यासारखी.