दुसरी डिस्क

"ताई, मुलीचा आवाज चोरीला गेलाय," धाकटी फोनवर म्हणाली. दूध नासलंय असं सांगावं, तशा सुरात.

ताई कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. हातातलं काम टाकून ती बहिणीकडे गेली. भाची तापात गेली, तेव्हापासून धाकटी रडलीच नव्हती. हेडफोन लावून दिवसभर मुलीची बडबड ऐकत बसायची. तेवढंच उरलं होतं. ती सगळी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरच्या दुसऱ्या डिस्कवर होती आणि आज ती डिस्क स्क्रीनवर दिसेनाशी झाली होती.

"कुणावर संशय?"

"दिरांवर. काल तेच बसले होते इथे."

"वहिनी, मी फक्त प्रिंट काढली," दीर दारातून म्हणाला. "उगाच आळ घेऊ नका."

"आणि तुम्ही?" ताईने धाकटीच्या नवऱ्याला विचारलं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, ताई."

ताईने कॉम्प्युटरचा डबा उघडला. डिस्क जागच्या जागी होती, वायरही घट्ट. आतल्या धुळीवर बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. चोराने डिस्कला हात न लावता ती पळवली होती.

आता सेटअप, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगची यादी, बघायला हवा होता. मशीन सुरू करून तिने डिलीटचं बटण दाबलं. सेटअपऐवजी विंडोज उघडलं. दुसऱ्यांदाही तेच.

"लोगो यायच्या आधीपासून दाबत राहा," नवरा मागून म्हणाला. "नंतर घेत नाही ते."

या वेळी सेटअप उघडला. ताईने यादी पाहिली आणि खुर्ची वळवली.

"डबा कुणी उघडलाच नाही, धूळ तशीच आहे. डिस्कचं पोर्ट, तिची वायर जोडतात ती जागा, इथे बंद केलंय. सेटअप विंडोजच्या आधी चालतो, त्यामुळे डिस्क आत असूनही मशीनला दिसत नाही. पण इथे शिरायला या मशीनची खोड माहीत हवी. मला नव्हती. ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला कशी होती?"

नवऱ्याने स्क्रीनकडे पाठ फिरवली.

"पुसून टाकायला हात धजला नाही," तो म्हणाला. "मी हाका मारतो, ही वळून बघत नाही. घरातून दोघी गेल्यात."

धाकटीला रागसुद्धा आला नाही. तिने दिराला खूण करून जवळ बसवलं. ताईने पोर्ट सुरू केलं, सेव्ह केलं. डिस्क दिसली.

"तुम्ही ऐकलंत कधी तिला?" धाकटीने नवऱ्याला विचारलं.

"नाही ऐकवत."

तिने हेडफोनची पिन उपटून काढली आणि स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं.

"बाबा, इकडे बघा ना," मुलगी खोलीभर म्हणाली.

तो वळला. धाकटी त्याच्याकडेच बघत होती.