अभिषेकाचं तेल

मी जनावरांची डॉक्टर आहे. बिश्केकच्या पलीकडे कोचकोर आहे, त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव, आणि गावात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, त्यामुळे मला मान बरा मिळतो. आमची ख्रिस्ती मंडळी मात्र चिमूटभर. रविवारी तेमिरकुल बायकेंच्या मागच्या खोलीत उपासना असते. बायके म्हणजे थोरले दादा. ते आमचे पाळक आहेत, पण पाळक म्हणून त्यांना कुणी हाक मारत नाही. खोलीत कोळशाची शेगडी, भिंतीवर लाल गालिचा, खाली लोकरीचे जाड नमदे, आणि खिडकीच्या फळीवर अभिषेकाच्या तेलाची बाटली. आजाऱ्याच्या कपाळाला त्यातलं बोट लावायचं आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, एवढाच आमचा थाट.

मी सहजासहजी विश्वास ठेवणारी बाई नव्हे. एका घोडीने कोपरावर लाथ घातली, हाड वेडंवाकडं जुळलं आणि माझा हात कायमचा आखडला. बायकेंनी त्यावर हात ठेवला तेव्हा त्यांचा तळवा तव्यासारखा तापला होता. कोपर सरळ झाला. हाडांचं मला कळतं, असं होत नसतं. माझं झालं, म्हणून मी मंडळीत आले.

गावाचा आमच्यावर राग होता तो कढईवरून. आमच्याकडे गुरुवारी घरोघर कढई चढते. कडकडीत तेलात पिठाचे बोर्सोक तळायचे. तेलाचा तो वास मेलेल्यांना पोचतो आणि वासानेच त्यांचं पोट भरतं, असं मानतात. मंडळीतली घरं हे करत नाहीत.

"डॉक्टरीणबाई, तुमचे वारलेले सासरे काल उपाशीपोटी आमच्या दारात आले होते," असं शेजारणी मला दुकानात ऐकवायच्या.

"मग वाढलंस ना चार घास? की तसाच हाकललास म्हाताऱ्याला?" मी म्हणायची. हसण्यावारी जायचं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळीतला सगळ्यात जुना माणूस, असानाली, गेला. प्रेत अंगणात नमद्याच्या तंबूत ठेवलं, बायका भिंतीकडे तोंड करून रडायला बसल्या, आणि गावाने निरोप धाडला की येशूवाल्याला कबरस्तानात जागा नाही. दिवस जात राहिले. असानालीची बायको झूरा दारोदार हात जोडत फिरली. शेवटी बायके उठले, गावच्या म्हाताऱ्यांपुढे गेले आणि म्हणाले, "शेवटच्या घटकेला तो बापजाद्यांच्या धर्मात परत आला. मी माझ्या कानांनी ऐकलं."

असानाली तसलं काही बोलला नव्हता. पण मौलवींनी जनाज्याची नमाज पढली आणि म्हातारा मातीआड झाला. मी बायकेंना तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. झूराची ती दशा बघवत नव्हती.

एकदा बोललं की निभवावं लागतं. चाळिसाव्या दिवशी गावजेवण घालणं आलं, म्हणजे कढई आली. झूराचं अंगण लहान, म्हणून कढई बायकेंच्या अंगणात चढली. आमच्या दारात कढई बघायला सगळं गाव लोटलं. ऐन गर्दीत तेल कमी पडलं, आणि दुकानदार तर आमच्याच पंगतीत बसलेला. बायकेंची बायको बातमा आत धावली, हाताला लागली ती बाटली घेऊन आली आणि कढईत पालथी केली. मग रिकामी बाटली हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही खिडकीतली होती."

बायकेंनी बाटलीकडे पाहिलं, मग पंगतीकडे पाहिलं. "तेलच आहे," ते म्हणाले. "तळ तू."

त्या दिवसापासून गाव आमच्याशी गोड झालं. लग्नाची बोलावणी यायला लागली, सणाला मांसाचा वाटा यायला लागला. आमची पोरंटोरं शाळेत मार खायची थांबली. मला खरंच बरं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी ओर्मोन ड्रायव्हर पाठ धरून आला. बायकेंनी नवी बाटली उघडली. साधं सूर्यफुलाचं तेल, दुकानातून आणलेलं, झाकण माझ्यासमोर फोडलेलं. त्यांनी ओर्मोनच्या कपाळाला बोट लावलं आणि खोलीभर तळणाचा वास सुटला. कडकडीत तापलेल्या तेलाचा वास. शेगडीवर किटलीसुद्धा नव्हती. मी बाटली नाकाशी धरली, तर तेल थंड आणि बिनवासाचं. ओर्मोनच्या कपाळाशी नाक नेलं आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका तो वास झणझणीत होता. बायकेंचा हात चुकून मला लागला. बर्फातून काढल्यासारखा गार होता.

ओर्मोनची पाठ होती तशीच राहिली. पण त्याची बायको मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "एजे, ताई, हा जेवतच नाही गं. ताटावर बसवलं तर म्हणतो, पोट भरलंय."

"बाहेर कुठे खाऊन येत असेल," मी म्हणाले. कुणाला सांगितलं नाही, पण मला भीती वाटली. पुढे ज्याला ज्याला तेल लावलं, त्याचं तसंच झालं. दुखणं हलायचं नाही, आणि माणूस कितीतरी दिवस अन्नाला शिवायचा नाही. मग बायकेंनी बाटली ट्रंकेत टाकली आणि हात ठेवणं बंद केलं. उपासना चालू होती. गाणी म्हणायचो, चहा प्यायचो, घरी जायचो. तळमळून मागावं आणि काहीच हलू नये, याची सवय होते माणसाला.

वसंतात माझी मुलगी बेगिमाय बिश्केकहून परत आली. कॉलेज अर्ध्यावर टाकून आली, काडीसारखी झालेली. पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही, आणि घरी नेऊन खाऊपिऊ घाला म्हणाले. मी मेंढीचं सूप करायची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस आणायची, चमच्याने भरवायची. ती दोन चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. गाय वैरणीवरून तोंड फिरवते तेव्हा पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. माझं एकुलतं एक लेकरू, आणि मी चमचा हातात धरून बसलेली.

मी बायकेंकडे गेले. "माझ्या पोरीवर हात ठेवा."

"सायरा, हात रिकामे आहेत. तुला माहीत आहे."

"मग भरून आणा. जिथे सांडलंत तिथून भरून आणा. मला पोर हवी आहे."

ते टोपी घालून उठले आणि सरळ मौलवींच्या घराकडे चालू लागले. मीही मागोमाग निघाले. बोललेलं परत घेतलं तर असानालीला उकरून काढतील, झूराला गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि आम्हा सगळ्यांवर पुन्हा दगड येतील. दोघांनाही ते कळत होतं. तरी माझे पाय थांबले नाहीत.

शाम्शी मौलवी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. बायकेंनी टोपी काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मी खोटं बोललो. असानाली परत आला नव्हता. तो आमचाच होता, आमचाच मेला."

"माहीत आहे," मौलवी म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"शेवटचे आठ दिवस त्याची जीभच उचलत नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं. तुम्ही बोललात, आम्ही ऐकून घेतलं, म्हातारा मातीत गेला. आता कशाला उकरता? बसा, चहा घ्या."

"मला ते परत घ्यायचंय."

मौलवींनी त्यांच्याकडे पाहिलं. भला माणूस तो, त्याच्या तोंडावर खरी कीव होती. "कुणाकडून परत घेणार, तेमिरकुल?" ते म्हणाले. "आम्ही ते घेतलंच नव्हतं."

मीच बायकेंच्या बाहीला धरून त्यांना आणलं, माझ्या घरी, पोरीच्या अंथरुणापाशी. ते नको नको म्हणत होते. मी स्वयंपाकघरातून तेल आणलं.

"लावा," मी म्हणाले.

"तुला माहीत आहे काय होतं ते."

"दुसरं काय आहे माझ्याकडे? लावा."

त्यांनी गुडघे टेकले. इतकं रडून मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग बोट बुडवलं आणि बेगिमायच्या कपाळाला लावलं.

वास आला.

खिडकीतून ऊन आत येत होतं आणि उन्हात धूर दिसत नव्हता, पण वास असा, की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं.

बेगिमायने डोळे उघडले. तिने मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. गालांवर रंग चढला. ती हाताचा आधार न घेता उठून बसली.

बायकेंनी हात झटकन मागे घेतला. "सायरा," ते म्हणाले, "ही थंड आहे."

मी तिच्या मानेवर बोटं ठेवली. नाडी चालू होती. संथ, नीट, निरोगी. कातडी मात्र विहिरीच्या दगडासारखी.

मी सुपाचा वाडगा पुढे केला. तिने तो हळूच बाजूला सारला.

"पोट भरलं, आई," ती म्हणाली. "किती दिवसांनी भरलं गं."

मी रडत होते. तिने माझे डोळे पुसले, तेव्हा माझ्या हाताला राहिलेलं तेल पाहिलं, आणि लहानपणी मी तिची समजूत काढायची तशा आवाजात म्हणाली,

"रोज रोज कढई नको चढवत बसू. आधीच तुला काय कमी काम आहे का? गुरुवारी केलंस तरी पुरेल मला."