पत्र्यापलीकडचा शब्द

ब्रह्मदेशातल्या आराकानच्या डोंगरांवर पहाट उतरत होती. पाळण्यातल्या लेकरावरचे पांघरूण आईने हलक्या हाताने सारावे, तसे कड्याकड्यांत अडकलेले धुके सरत होते आणि त्याखालून हिंदी फौजेचे ठाणे वर येत होते; वाळूच्या पोत्यांचा तट, मातीचे बुरूज आणि आत वेढ्यात सापडलेले भुके, तहानलेले, घायाळ शिपाई. जपानी गनिमाच्या तोफा त्यांच्यावर अखंड आग ओकत होत्या. पण त्या कुठल्या झाडीत दडल्या आहेत, हे कुणालाच उमगत नव्हते.

त्या तोफा हुडकायला निघालेले बॉम्बफेके विमान, सूर्य कासराभर वर येईतो, गोळा लागून ठाण्यापासून कोसभरावरच्या घळीत दोन दरडींमध्ये नाक खुपसून पडले होते. पुढच्या आसनावर वैमानिक हैबतराव जगदाळे होते. कमरेखाली चेपलेले लोखंड, डोक्यावर कातळ. मागे, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसणारा बंदूकवाला रखमाजी पोळ जवळजवळ धडधाकट होता. दोघांच्या मध्ये वाकलेला पत्रा, आणि पत्र्याला हात जाईल एवढीच फट.

त्या दोघांची एक रीत होती. विमान सूर मारून पुन्हा वर उसळले की डोळ्यांपुढे अंधारी येई. त्या अंधारीत हैबतराव हाक घालीत, "आहेस का?" आणि पाठीमागून शब्द येई, "आहे, सरकार."

"पोळ, किती ओढशील? हात सोललेस."

"पहार असती तर सरकारांना केळीच्या गाभ्यासारखं अलगद काढलं असतं."

"पहार नाही, बिनतारी यंत्राचा भुगा झालाय, आणि गनीम शोधत येईल. तू नीघ."

"हे काय बोलणं झालं?"

"ऐक. मी पुढं बघणारा. तोफा पाहिल्यास तू, आपण वर उसळताना, मागं बघत."

"बांबूच्या बेटाआड, पांढऱ्या कड्याच्या कुशीत," रखमाजी पुटपुटला.

"मग ती जागा इथं माझ्यासंगं पुरतोस काय? ठाण्यात माणसं मरताहेत."

"वैनीसाहेबांना कोणतं तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव. नाहीतरी ते बघून कोण हुरळतंय!"

पलीकडे हसण्याचा आवाज झाला आणि मध्येच ओला झाला. फटीतून पाण्याची बाटली आत आली. तिच्यामागून आलेल्या बोटांनी हैबतरावांचा खांदा घट्ट धरला, मग सोडला. गोटे घरंगळले. पावले दूर गेली.

हैबतरावांनी डोळे मिटले. अंगातली ऊब ओहोळाच्या पाण्यासारखी हळूहळू वाहून चालली होती. लोखंड हलत नव्हते, कातळ हलत नव्हता; हलत होता तो फक्त श्वास. ग्लानी आली, डोळ्यांपुढे तीच जुनी अंधारी दाटली आणि सवयीने ओठ बोलून गेले, "आहेस का?"

"आहे, सरकार."

शब्द निघून गेला आणि पत्र्यापलीकडे रखमाजीने जीभ चावली.

"गाढवा! गेल्याचं सोंग करून बसलास?"

"पाय निघंना, सरकार."

हैबतरावांना रडूही आले, हसूही आले. मग त्यांनी आवाज दरबारी केला, वाडवडलांनी स्वारीचे विडे देताना केला असेल तसा. "रखमाजी पोळ, आजवर तुझ्या उत्तरावर मी जगलो. आता तुझ्या न येणाऱ्या उत्तरावर सुखानं मरेन. हा हुकूम नव्हे, मागणं आहे."

पत्र्यापलीकडे रखमाजी उठून उभा राहिला.

"जातो, सरकार."

"येतो म्हण रे."

"येतो."

थोड्या वेळाने त्यांनी हाक घातली, "आहेस का?" कुणी बोलले नाही. गेला, की ओठ आवळून बसलाय? जीव तोडून पुन्हा विचारले, "पोळ, आहेस का?" घळीत पाणी, कुठेतरी एक पाखरू. ज्या शब्दासाठी आजवर कान आसुसले, तो न यावा म्हणून हैबतराव कान देऊन पडून राहिले. आणि तो आला नाही.

दुसऱ्या सकाळी आभाळ घुमले. विमाने एकामागून एक पांढऱ्या कड्यावर झेपावली, घळ थरथरली आणि गनिमाच्या तोफा मुक्या झाल्या. अंधारात अडकलेल्या त्या माणसाला बाहेरचे काही दिसत नव्हते. पण सूर मारून वर उसळणाऱ्या विमानाचा आवाज तो ओळखत होता.

वेढा उठला. पहारी घेऊन रखमाजी धावत आला, तेव्हा हैबतराव थंड झाले होते. मात्र त्यांचा एक हात मागे वळून पत्र्याच्या फटीत अडकला होता.

सोबतचे शिपाई पहारी लावू लागले. रखमाजीने त्यांना हाताने थोपवले. तो मोडक्या विमानात आपल्या जागी, हैबतरावांच्या पाठीला पाठ लावून बसला. तो गार पंजा हातात घेतला आणि म्हणाला,

"आहे, सरकार."