सहीआधी हरवलेली कुसाबाई

साठेखताला तीन तास उरले होते आणि घर विकणारी बाईच हरवली होती.

वकील सितारा मणियार यांच्या नाशिकमधल्या ऑफिसातून कुसाबाई बाहेर पडल्या, त्या परतल्याच नाहीत. त्यांचा मुलगा रंगनाथ खालची चहाची टपरी पाहून आला. घर घेणारा अब्बास बाकावर बसून होता. गाद्या शिवत वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेला माणूस. घरमालकानं महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितलेली. बायकोनं, अदिबानं, निफाडजवळच्या त्या नव्या घराच्या खिडक्या पडद्यांसाठी मोजूनही ठेवल्या होत्या. आता त्याला भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

सितारानं सकाळ आठवून पाहिली. सातबारा, घरपट्टी, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध, सगळं कुसाबाईंच्या नावावर आणि स्वच्छ. आधार कार्डावरचा फोटो मात्र इतका अंधुक की कोणतीही म्हातारी खपून जावी. नवऱ्याचं नाव विचारल्यावर बाईंनी "खंडेराव" असं झटकन सांगितलं. रंगनाथ गाडी लावून आत आला, तशा त्या डोक्यावर पदर ओढून उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मग सितारा म्हणाली, सहीआधी मी घरी येऊन शेजाऱ्यांशी बोलते. पाच मिनिटांत बाई दिसेनाशा झाल्या.

"आई कुणाकडे गेली असेल?"

"नाशकात आमचं कुणी नाय, मॅडम."

"तुमच्या बायकोचं माहेर कुठलं?"

"पंचवटी. पण तिथं कशाला जाईल?"

"फोन केलात तिथे?"

"नाय."

ज्याची आई हरवते तो आधी नात्यागोत्यात फोन लावतो. सितारानं त्याला शोधत राहायला सांगितलं आणि अब्बासला घेऊन निफाडचा रस्ता धरला. सही पुढे ढकलली तर घर हातचं जाईल, एवढंच अब्बास पुन्हा पुन्हा म्हणत होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं ती त्याला म्हणाली. तो हसला नाही.

घराची कडी वाजवली. पिठाच्या हातांनी एका म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं. कुसाबाई कुठे आहेत, असं सितारानं विचारलं.

"मीच की. काय काम हाय?"

सव्वातीनला रंगनाथ ऑफिसात आला. आई सापडत नाही, पुढची तारीख घ्या, असं म्हणता म्हणता त्याची नजर खुर्चीकडे गेली. खुर्चीत त्याची आई बसली होती.

"सकाळची बाई तुमची सासू," सितारा शांतपणे म्हणाली. "आई लेकासमोर उठून उभी राहत नाही, पदरही ओढून घेत नाही. जावयासमोर घेते. या वयाच्या बायका माझ्याकडे रोज येतात. नवऱ्याचं नाव विचारलं की अडखळतात, शेजारणीला सांगायला लावतात. यांनी पटकन सांगितलं, कारण खंडेराव त्यांचा नवरा नव्हता, व्याही होता. मी घरी येते म्हटल्यावर त्या घाबरल्या आणि पळाल्या. आणि सगळीकडे शोधलंत, फक्त पंचवटीला फोन केला नाहीत."

रंगनाथनं सगळं कबूल केलं. नाशकात दुकान टाकायचं होतं, आई घर विकायला तयार नव्हती. सासू, सिंधुबाई, लेकीच्या संसारासाठी तयार झाली.

सितारानं पोलिसांना फोन लावला. अब्बासला हायसं वाटायला हवं होतं, फसता फसता वाचला होता. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त खिडक्या होत्या. अदिबाला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

कुसाबाईंनी लेकाकडे पाहिलं नाही. त्या अब्बासकडे वळल्या.

"तुमाला घर दावलं, तवा मला यानं लेकीकडं इगतपुरीला धाडलं व्हतं. तुमाला काय सांगितलं, मी कुठं हाय म्हून?"

"देवीला गेल्यात म्हणाला. वणीला. स्वतःच सोडून आलो म्हणाला."

कुसाबाई हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिल्या.

"चार वरसं झाली मी त्याला म्हनतीय," त्या म्हणाल्या, "मला एकदा वणीला ने."