डावीकडच्या रेघा

दुपारी अडीचला धाकटी झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडली तेव्हा तिच्या काखेत दहा मोठे कागद होते आणि हातात लाल चिकटपट्टीचं रीळ. आता चिकटपट्टी आणण्यात भिण्यासारखं काय आहे? काही नाही. म्हणूनच तिथून सुरुवात करतो, कारण त्या दिवशी तिच्याही मनात भीतीचा लवलेश नव्हता. उलट स्वारी खुशीत होती. दहा दिवसांत बाबांना बरं करायचं आणि विद्यापीठाचा प्रकल्पही उरकायचा, एका दगडात दोन पक्षी.

बाबा शिंपी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत, उजव्या बाजूला, रक्ताची गुठळी अडकली. वाचले. हातपाय चालू, बोलणं चालू, डोळे तर डॉक्टर म्हणाले ठणठणीत. फक्त त्यांच्या जगाची डावी बाजू गेली. ताटातलं उजव्या अंगाचं जेवायचे आणि डावीकडचं तसंच टाकून 'वाढा की' म्हणायचे. दाढी अर्धीच करायचे. एकदा हट्टाने मशीनवर बसून शर्ट शिवला, तर उजवी बाही अशी की बघत राहावं, आणि डावीचा पत्ताच नाही. गिऱ्हाईक भलं होतं. म्हणालं, "मास्तर, उरलेला केव्हा न्यायला येऊ?" बाबा हसले, पण काय उरलंय ते त्यांना कळलं नव्हतं.

आई चार वर्षांपूर्वी गेलेली. थोरला भाऊ परगावी नोकरीला, तो रोज फोनवर काळजी करायचा आणि काळजी करून झाली की फोन ठेवायचा. उरली धाकटी. ती विद्यापीठात मेंदू आणि वर्तन शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून तिची जागा बाबांच्या मशीनच्या डाव्या अंगाला, एका बुटक्या स्टुलावर. तिथेच तिने बाराखडी गिरवली, तिथेच अभ्यास केला. आजारपणानंतर ती त्या स्टुलावर बसली की बाबा हाक मारायचे, "कुठं गेली ही पोरगी?" ती म्हणायची, "बाबा, मी इथंच आहे." ते उजवीकडे वळून शोधायचे. पुन्हा पुन्हा उजवीकडेच. एवढं वाईट तिला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि हे मनात आल्याची तिला लाज वाटायची.

वर्गात मॅडमनी एके दिवशी नेमका हाच आजार शिकवला. म्हणाल्या, डोळा बघतो, पण लक्ष तिकडे जात नाही. माणसाला काहीतरी दिसत नाहीये असं वाटतच नाही, त्याच्या लेखी ती बाजूच नसते. मग उपाय सांगितला. कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची. रुग्णाने आधी पट्टी शोधायची आणि मगच काम सुरू करायचं. रोज, न चुकता. लक्ष हळूहळू डावीकडे सरकतं.

प्रत्येकाने वॉर्डातला एक रुग्ण निवडायचा, दहा बैठका घ्यायच्या आणि आलेख काढायचा. एकच सक्त नियम. "घरच्या माणसावर करायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आपल्या माणसात आपण आपल्याला हवं तेच बघतो." धाकटीचा वॉर्डातला रुग्ण दुसऱ्याच आठवड्यात घरी गेला. तिने वहीत लिहिलं, 'व्यक्ती क्रमांक चार, पुरुष, वय एकसष्ट, व्यवसाय शिवणकाम', आणि घरी येऊन टेबल पुसलं.

चाचणी अगदी सोपी होती. मोठ्या कागदावर दोनशे बारीक रेघा विखुरलेल्या. दिसेल त्या रेघेवर पेन्सिलीने काट मारायची. तपासणाऱ्याने कागदाला हात लावायचा नाही, चारी कोपरे टेबलाला चिकटवायचे आणि आपण मागे उभं राहायचं. नंतर राहिलेल्या रेघा मोजायच्या. मोजताना चूक होऊ नये म्हणून बाकीचा कागद पुठ्ठ्यांनी झाकायचा, एक उभी पट्टी उघडी ठेवायची, ती मोजून झाली की पुढची. धाकटी भारी काटेकोर. पूर्ण कागद एकदाही उघडा ठेवून मोजला नाही.

पहिल्या दिवशी एकशे चार रेघा राहिल्या. तिसऱ्या दिवशी एकोणऐंशी. सहाव्या दिवशी बावीस. धाकटीचा आनंद गगनात मावेना. त्या दिवशी बाबांनी ताटाच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत घास नेला, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

सातव्या दिवशी गाडी अडली. बाबा काट मारत डावीकडे गेले, लाल पट्टीपासून वीतभर अलीकडे थांबले, पेन्सिल वर उचलली, वळसा घातल्यासारखी खाली नेली आणि तिथून पुढे गेले.

"बाबा, मधल्या राहिल्या."

"राहू देत."

"का पण?"

 दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही, खोलीत मशीनच्या तेलाचा वास आणि टेबलावरच्या पंख्याची घरघर. मग बाबा हळूच म्हणाले, "तिथं हात ठेवलाय."

"कुणी? मी तर मागे उभी आहे."

"तुझा नाही गं..."

धाकटीने खोलीभर एकदा नजर फिरवली. पण शिकलेल्या माणसाची एक सोय असते, प्रत्येक गोष्टीला पुस्तकात नाव असतं. मेंदूला जिथे काही कळत नाही तिथे तो गोष्ट रचतो, हे तिला पाठ होतं. तिने वहीत तसं लिहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

आठव्या दिवशी एकोणतीस राहिल्या. नवव्या दिवशी छत्तीस. सुधारत आलेला आलेख पुन्हा बिघडू लागला. ती चिडली, अगदी आई चिडायची तशी.

"बाबा, हा शुद्ध आळस आहे! डावीकडे बघा. तिकडे काहीसुद्धा नाहीये."

"नाही ना? मग झालं तर. मी बघत नाही तोवर ते गप बसतं, पोरी. इतके महिने गप बसलंय. आता तू रोज तिकडे बघायला लावतेस, तर ते पुढं सरकतंय."

"कोण, आई आहे का?" तिने का विचारलं कुणास ठाऊक.

बाबांनी मान हलवली. "तुझ्या आईच्या हाताची मापं माझ्या बोटांत आहेत. हा तिचा नाही. मधलं बोटच साडेपाच इंच भरेल." एखाद्या गिऱ्हाइकाची बाही सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "मी नाही केलं, तर तुझे मार्क जातील का?"

इथे ती 'नाही' म्हणाली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तिला ते बरे व्हायला हवे होते. स्टुलावर बसल्यावर ते आपल्याकडे वळलेले तिला बघायचे होते. ती म्हणाली, "हो, जातील."

बाबांनी मान खाली घातली. कागद काढताना तिला एक गोष्ट दिसली. टेबलावरच्या पंख्याच्या वाऱ्याने कागदाची उजवी बाजू चिकटवलेली असूनही फडफडत होती. डावी बाजू मात्र हलत नव्हती, जणू कुणी तळहाताने दाबून धरली होती. तिने पंखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नऊ कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी आकडे वाचले नाहीत. त्यांनी सातवा कागद उचलला, खिडकीच्या उजेडात हातभर लांब धरला आणि त्यांचा पारा चढला.

"कागदावर हात ठेवून उभी राहतेस? इतकं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी! रुग्णाने तुझा हात सोडून बाकी सगळं खोडलंय."

"नाही हो मॅडम, मी चिकटवते..."

"मग हे काय आहे?"

तिने पाहिलं. पुठ्ठे नसताना, असं हातभर लांबून, पहिल्यांदाच पाहिलं. खोडलेल्या रेघांच्या गर्दीत, न खोडलेल्या रेघांची पाच बोटं. डाव्या कडेवरून आत आलेली, लाल पट्टी ओलांडून. आठव्या कागदावर बोटांच्या मुळाचे सांधे आत आले होते. नवव्यावर मनगट.

"हात ठेव त्यावर," मॅडम म्हणाल्या.

तिने ठेवला. तिच्या बोटांच्या पुढे प्रत्येक बोटाचं एकेक पेर जास्त उरलं.

 मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, "ही व्यक्ती क्रमांक चार... तुझ्या घरातली आहे का?" धाकटीने होकारार्थी मान हलवली. तिला वाटलं, आता ओरडतील. मॅडमनी नऊही कागद पालथे केले आणि तिच्याकडे सरकवले. "हे माझ्याकडे नको. तूच ने. आणि आज घरी गेल्यावर ती पट्टी आधी काढ. दहावी बैठक घेऊ नकोस." धाकटीने कागद गुंडाळून काखेत घातले.

ती धावतपळत घरी आली. दार ढकललं. बाबा मशीनपाशी बसलेले, आणि ती उंबऱ्यात, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला. ती तोंड उघडायच्या आत ते वळले. सरळ डावीकडे वळले, तिच्या डोळ्यांत बघितलं.

"आलीस? ऊन लागलं असेल. पाणी पी."

दोन्ही गाल गुळगुळीत दाढी केलेले. टेबलावर दहावा कागद, त्यांनी स्वतःच चिकटवलेला. दोनशेच्या दोनशे रेघा खोडलेल्या, लाल पट्टीला खेटून असलेली शेवटचीसुद्धा. धाकटी त्यांच्या गळ्यात पडली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. आठ महिन्यांनी तिला तिचे बाबा मिळाले होते, सगळेच्या सगळे. त्या भरात कागदावरचा हात ती विसरली, खरं सांगायचं तर विसरायचंच होतं तिला.

बाबा मात्र हसत नव्हते. तिच्या पाठीवर थोपटत होते, पण फक्त उजव्या बाजूला.

"बाबा... तो हात?"

"उचलला त्यानं."

"म्हणजे, गेला?"

 बाबांनी गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "उभी राहा. तोंडी परीक्षेला नवीन शर्ट शिवतो तुला."

खांदा मोजला, बाही मोजली, उजव्या बाजूची. कुठलाही शिंपी इथे थांबतो. माणसाच्या दोन बाजू सारख्याच धरतात, एकच मोजायची पद्धत आहे. बाबा थांबले नाहीत. डावीकडे आले. टेप तिच्या खांद्यावर टेकवली नाही, चार बोटं वर धरली, काहीतरी चुकवत पुढून मागे नेली आणि आकडा पुटपुटले. 

"बाबा, तिकडे काय आहे?"

"काही नाही. तू तिकडे बघू नकोस म्हणजे झालं."

"बाबा..."

"मी बघत नव्हतो तोवर ते माझ्यापाशीच होतं गं," बाबा म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. "तू बघ म्हणालीस, म्हणून मी बघितलं. त्यालाही आता कळलंय, मला दिसतं ते. आता ते माझ्याजवळ कशाला राहील?"

शर्ट तिसऱ्या दिवशी तयार झाला. टाके असे की मास्तरांचा हात परत आला म्हणून गल्ली कौतुक करायला लोटली. धाकटीने तो टेबलावर पसरून पाहिला. उजवा खांदा बेतशीर. डाव्या खांद्यावर मात्र कापडाचा हा एवढा फुगवटा, पाठीकडून पुढे गळ्यापर्यंत आलेला, आत अख्खा पंजा मावेल इतका. म्हाताऱ्याचं माप चुकलं, ती स्वतःला म्हणाली. उसवून चार टाके घातले की झालं. बरं वाटावं म्हणून ती मोठ्याने हसलीसुद्धा.

मग आरशासमोर जाऊन तिने शर्ट अंगात घातला आणि बटणं लावली. डाव्या खांद्यावर शर्ट चपखल बसला होता, कुठे चुणीसुद्धा नव्हती.