उजव्या पायाची तुरपाई

पनवेलहून घरी येताना गाडीत अफानला डुलकी लागली आणि पेण मागे निघून गेलं. डोळे उघडले तेव्हा गाडी रोह्याला उभी, डबा रिकामा आणि मांडीवर पिशवी. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून तो बाजारात शिरला, शिवणाच्या एका दुकानापाशी थबकला. मशीनमागच्या नफिसाने मान वर केली... आणि गडी तिथेच गारद झाला.

पिशवीत त्याच्या पणजोबांची, याकूबची लष्करी पँट होती. याकूब दुसऱ्या महायुद्धात गेला तो आलाच नाही, आली ती त्याच्या सामानाची पेटी. आता पेणच्या एका शाळेत जुन्या सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, म्हणून दोन्ही पायांची, आता जुनी होऊन उसवलेली तुरपाई पुन्हा पहिल्यासारखी हवी होती. पनवेलच्या टेलरने मात्र पँट काही दिवस ठेवून, तशीच उसवलेली, कारण न सांगता परत केली होती.

नफिसाला काम आवडलं. बाहेरून दुमड नाही. काठ पुढे जरा वर, मागे जरा खाली, म्हणजे बुटाची टाच झाकली जाते. आतून टाचेपाशी पट्टी, बूट घासून कापड विरू नये म्हणून. ती समजावत होती आणि अफानचं लक्ष पँट सोडून तिच्याकडेच.

"तुमच्या पेणला टेलर नाय?" तिने विचारलं.

"हायत की... पन तुमी नाय."

त्यानंतर तो पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी काम अर्धवटच निघालं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एवढ्यात त्याचा मस्कतचा व्हिसा आला. तिकडे गेलेला माणूस वर्षं वर्षं येत नाही, आणि तोवर घरचे आपलं लग्न कुठेतरी उरकून टाकतील, हे नफिसाला ठाऊक होतं. शेवटच्या भेटीत तिने मनाचा हिय्या केला.

"डावा पाय मीच उसवते," ती सुईकडे बघत म्हणाली. "तू परत यावास म्हणून."

अफान गालातल्या गालात हसला. "आनि उजवा?"

"उजवा मी नाय."

रोज सकाळी शटर उघडलं की उजवा काठ सुटलेला असायचा. दोरा तुटलेला नाही, अख्खा, पँटच्या बटणाला नीट गुंडाळलेला. कुलूप जसंच्या तसं, आणि किल्ली तिच्याकडेच.

अफानचं हसू मावळलं. तो स्टुलावर बसला आणि पणजीचं, आमनाचं नाव त्याच्या तोंडून हळूच निघालं. त्यांच्या घरात परदेशी जाणाऱ्याच्या कपड्याचा एक टाका बाकी ठेवायची रीत होती. तो माणूस परतल्यावर घरच्या बाईने घालायचा; आधीच घातला तर माणूस परतत नाही, असं मानत. आमनाने याकूबच्या उजव्या पायाला तो ठेवला होता. पेटी आली तेव्हा टाका पुरा झालेला होता. पलटणीच्या हजेरीत सुटा काठ चालत नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच घातला असणार. मरेपर्यंत आमना तो टाका बघून रडायची.

नफिसाने त्याच्यादेखत दोन्ही काठ तुरपले आणि उजव्या पायाचा शेवटचा टाका सोडून दिला. पंखा बंद असूनही लोंबता दोरा हलत होता. पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं दोघांनाही वाटलं, पण वळून बघायची छाती कुणाचीच झाली नाही.

मग अफानने पिशवीतून स्वतःची नवी पँट काढली.

"माजा पन एक टाका ठेव, नफिसा. आल्यावर तूच घाल."

तिचे डोळे भरून आले. "ठेवते. पन तिकडं तू शिवायचा नाय."

"हात नाय लावनार."

तो निघाला त्या सकाळी नफिसाने शटर वर केलं. प्रदर्शनापर्यंत तिच्याकडेच ठेवलेल्या याकूबच्या पँटचा शेवटचा टाका घातलेला होता. दोरा जाड, खाकी, तिच्या दुकानात नसलेला. गाठ मात्र बायकी, नाजूक. तिच्या अंगावर काटा आला आणि का कोण जाणे, रडूही आलं. तिने अफानला फोन लावला. पलीकडे विमानतळावरचा गलका होता.

"म्हंजे पणजोबा घरी आले गो," तो म्हणाला. "मी पन येतो."