कोटाच्या बाह्या

सुईने प्रवासाची तयारी केली ती कोटापासून. स्वतःचे कपडे तिने बॅगेत कसेही कोंबले, पण तो काळा लोकरीचा कोट मात्र जुन्या ओढणीत गुंडाळून, खांद्यांना घडी पडणार नाही असा सगळ्यात वर ठेवला.

सुई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत ती आणि तिची मैत्रीण एकमेकींना सोडून कधी दिसायच्याच नाहीत, म्हणून वर्गाने एकीला सुई केलं आणि दुसरीला दोरा. पुढे सुईने खरोखरच शिवणाचं दुकान टाकलं, आणि दोरा नर्स होऊन परदेशी गेली ती तिकडचीच झाली. आधी वर्षाआड तरी घरी यायची. मग तिने तिकडे राहतं घर बदललं आणि तेव्हापासून तिचं येणं बंदच झालं. कारण विचारलं की तोंडाला कुलूप. इकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली. नजर पार गेलेली, माणसं ती आता आवाजावरून ओळखायची. सुई निघायच्या आधी भेटायला गेली तेव्हा काकूंनी तिचा हात घट्ट धरला.

"पोरीचं काय चाललंय ते बघून ये बाई. आणि जमलं तर घेऊनच ये. मी काही फार दिवस थांबायची नाही."

तो कोट दोरानेच शिवायला सांगितला होता, फोनवर. कापड, रंग, मापं, सगळं. "कुणासाठी गं?" सुईने विचारलं, तर "आहे एक जण," एवढंच. सुई मनातून खूश झाली. म्हणजे असा प्रकार आहे तर! या वयात का होईना, कुणीतरी भेटलं. पण मापं लिहून घेताना तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. छाती बारक्या माणसाची, आणि बाही मात्र गुडघ्याखाली पोचेल एवढी. असा माणूस कधी असतो का? नर्सबाईंनी टेप उलटी धरली असणार, असं म्हणून तिने हसत हसत बाह्या आपल्या अंदाजाने कापल्या. शिंप्याने मापात शहाणपणा करू नये हे ती दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. पण स्वतःला कोण सांगणार?

विमानतळावर दोघी गळ्यात पडून रडल्या, मग रडल्याबद्दल हसल्या. दोरा वाळली होती. केस पिकले होते, पण बोलणं तेच, खोडकर. टॅक्सीत बसताना मात्र ती आत सरकली आणि दार तसंच उघडं ठेवून जराशी थांबली. मग ओढून घेतलं. घराच्या दाराशीही तेच. सुई आत आली, तरी दोरा दार धरून उभीच, मागून कुणी सामान घेऊन येत असावं तशी.

"ही इकडची रीत का गं?" सुईने विचारलं.

"हं. तसंच काहीतरी."

सुईने कोट काढून दाखवला. दोराने तो हातात घेतला, आणि पहिल्यांदा बाह्याच पाहिल्या. तिचा चेहरा उतरला.

"तू बाह्या कमी केल्यास?"

"अगं, तू सांगितलेलं माप माणसाचं नव्हतं!"

 कोट बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला अडकवून दोरा चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी शहर बघणं सुरू झालं. ऊन छान पडलं होतं. नदीवरचे पूल, दगडी घड्याळाचा मनोरा, काचेच्या छपराखालचा फुलांचा बाजार, सगळं बघताना सुईची मान दुखून आली. पण खरं सांगायचं तर तिचे डोळे शहरापेक्षा दोरावरच जास्त होते. कुणाचं काही लपलेलं दिसलं की सुईला दम निघायचा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. ट्राममध्ये दोघी समोरासमोर बसल्या तेव्हा दोराने आपल्या शेजारची जागा पर्स ठेवून अडवली. ट्राम हलताच पर्स उचलून मांडीवर घेतली. नंतर गर्दी झाली, माणसं उभी राहिली, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही. एक आजीबाई बसायला म्हणून वळल्या, थबकल्या, 'माफ करा' म्हणावं तशी मान लववून पुढे गेल्या.

मनोऱ्याखाली दोघींनी एका वाटसरूला फोटो काढायला सांगितलं. भला माणूस होता. मोबाइल डोळ्यांसमोर धरून त्याने हाताने खूण केली, खाली वाका. दोघी वाकल्या. तो हसून मान हलवायला लागला. तुम्ही नाही, तुम्ही नाही. त्याचा हात त्यांच्या डोक्यांच्या बराच वर, मागे दाखवत होता. सुईने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत, उन्हात तापलेली. तिथे मात्र कपाट उघडल्यावर येतो तसा, बंद राहिलेल्या लोकरीचा वास येत होता.

"चल," दोरा घाईने म्हणाली. "फोटो राहू दे."

सुई घाबरली. पण भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. नदीकाठच्या बाकावर बसल्यावर तिने सरळच विचारलं, "तो आत्ता आहे का इथे?"

 दोरा पाण्याकडे बघत हळू आवाजात बोलायला लागली, शेजारच्या बाकावर कुणी झोपलेलं असावं आणि त्याला जाग येऊ नये, तशी.

"त्या घरात माझ्याआधी एक म्हातारी राहायची. जाताना मला म्हणाली, दार जरा धरून ठेवत जा हं, त्याला चालायला वेळ लागतो... मला वाटलं, मांजरबिंजर असेल. मी हो म्हटलं. बस, एवढंच झालं बघ. हो म्हटलं. ती म्हातारी जिने कशी उतरून गेली माहितीये? लहान मुलीसारखी."

"त्रास देतो?"

"नाही गं. काहीच करत नाही. नुसता असतो... पण मी त्याला घेऊन आईसमोर कशी येऊ? आणि सोडून यावं म्हटलं तर तो सुटत नाही. कुणी आपणहून त्याचं काही करायचं अंगावर घेतलं, तरच तो त्या माणसामागे जातो. थंडीत कुडकुडताना ऐकू यायचा. म्हणून कोट. बाकी काही नव्हतं मनात. तुझी शपथ."

सुईने तिच्याकडे पाहिलं. दोरा डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. मग सुईचंही काळीज दुखलं. एवढी वर्षं ही पोरगी एकटी, आणि एकटीही नाही.

घरी परतल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत दुपारचं लख्ख ऊन आलं होतं. कोट खुंटीवरच होता. पण सुई दारातच थांबली. खुंटीवरचा कोट खांद्यात पडतो, पाठीला सुरकुती धरतो, हे तिच्या हाताला झोपेतही कळलं असतं. हा कोट भरलेला होता. कॉलर खुंटीला टेकलीसुद्धा नव्हती.

"नको," दोरा मागून कुजबुजली. "सुई... मापं घेऊ नकोस."

पण हात केव्हाच पर्समध्ये गेला होता. टेपशिवाय सुई कुठेच जात नसे. तिने टेपचं टोक कोटाच्या खांद्यावर टेकवलं आणि बाहीवरून खाली सोडलं. बाही संपली. टेप पुढे सुटी लोंबायला हवी होती. ती लोंबली नाही. खाली, गुडघ्याच्याही खाली, कुणीतरी दुसरं टोक चिमटीत धरल्यासारखी ती ताठ झाली.

आणि सवयीने, नुसत्या सवयीने, सुईच्या तोंडून निघून गेलं, "हात सरळ सोडा."

टेप आणखी थोडी खाली गेली.

दोराने सांगितलेलं माप अगदी बरोबर होतं. चूक सुईची होती. तिच्या दुकानातून न बसणारा कपडा आजवर बाहेर गेला नव्हता. तिला काकूंचा हात आठवला, घट्ट धरलेला. ती म्हणाली, "माझीच चूक झाली. कोट घेऊन जाते मी. बाह्या लावून देते."

खोली एकदम हलकी झाली. दोरा मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. लाज वाटून रडत होती की सुटल्यामुळे, ते तिचं तिलाच ठाऊक. थोड्या वेळाने ती पाव आणायला खाली गेली, आणि जाताना तिने दार धाडकन लावून घेतलं.

पुढच्याच महिन्यात दोरा घरी आली, कायमची. आईच्या उशाशी बसून तिने जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलून घेतलं. काकूंच्या अंगावर थोडं मांससुद्धा चढलं. गल्लीतले लोक सुईला म्हणायचे, तुम्ही मोठं पुण्याचं काम केलंत हो. सुई हसायची.

बाह्या तिने केव्हाच उसवून, कापड जोडून लांब केल्या होत्या. बेमालूम जोड, बोट फिरवलं तरी लागू नये असा. कोट दुकानातल्या कपाटात होता आणि किल्ली तिच्या कमरेला.

एका सकाळी ती काकूंना भेटायला गेली. दोराने दार उघडलं. सुई आत आली, आणि दार धरून जराशी थांबली. दोराचा चेहरा पांढरा पडला.

"बाह्या... झाल्या का गं?" तिने हळूच विचारलं.

"झाल्या की. केव्हाच," सुई म्हणाली. तरीही तो गेला नव्हता, हे तिने सांगितलं नाही; दोराने आता पुन्हा आईला सोडून जायला नको होतं.

आतून काकूंचा आवाज आला. "कोण, सुई का? ये गं." सुई खाटेजवळ गेली. काकूंनी मान वर केली, आणखी वर केली, आणि सुईच्या डोक्यावरून पलीकडे बघत त्या कौतुकाने हसल्या.

"पाहुण्यांना बस म्हण की. ताटकळत काय उभं करतेस? कोट किती छान शिवलाय हो त्यांचा. फक्त बाह्या तेवढ्या तोकड्या झाल्यात, बाई. पुन्हा एकदा माप घे."